बेरीज करणाऱ्या सर्व्हरची वंशावळ

एआयला टूल पुरवणारा सर्व्हर पहिल्यांदा लिहिणारे बरेच जण सुरुवात दोन आकड्यांच्या बेरजेने करतात. त्यासाठी लागते एक फंक्शन, त्याचे नाव, त्याला द्यायचे दोन आकडे आणि ते काय करते हे सांगणारी एक ओळ. सर्व्हर इंटरनेटवर चढवून त्याचा पत्ता एआयच्या ॲपला दिला, की दूरवर चालणारे भाषा-मॉडेल ते फंक्शन वापरू लागते. एवढे सारे पायथनच्या मोजक्या ओळींत होते. ओळी इतक्या थोड्या पुरतात, कारण त्यांच्यामागे जवळपास पन्नास वर्षांचे काम आहे. त्या कामातला एक प्रश्न मात्र दर पिढीने पुढच्या पिढीच्या हाती दिला आहे.

१९७६ साली अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावर, फाइल पाठवायला एक प्रोटोकॉल होता, दूरच्या यंत्रावर लॉगिन करायला दुसरा. नवे काम आले की नवा प्रोटोकॉल रचावा लागे. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या जेम्स व्हाइट यांनी आरएफसी ७०७ या टिपणात सर्वांसाठी एकच साचा सुचवला: कामाचे नाव, त्याला लागणारी माहिती आणि परत येणारे उत्तर. प्रोग्रामरने दूरचे काम आपल्याच प्रोग्रामातल्या फंक्शनसारखे वापरावे, ही कल्पना तिथे नीट मांडली गेली. जवळचा कॉल स्वस्त असतो, दूरचा नसतो, हा इशाराही व्हाइट यांनी त्याच टिपणात दिला होता.

या कल्पनेला पक्का आकार आला झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. ब्रूस नेल्सन यांनी १९८१ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला. अँड्र्यू बिरेल यांच्यासह त्यांनी केलेल्या बांधणीचा निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. कॉल करणाऱ्याकडे एक आणि सर्व्हरकडे एक असे दोन मध्यस्थ तुकडे त्यांनी ठेवले. एक माहिती पाकिटांत भरतो, दुसरा ती उलगडून खऱ्या फंक्शनला देतो. त्या तुकड्यांना स्टब म्हणतात, आणि ते आपोआप तयार होत. कोणती सेवा कोणत्या यंत्रावर आहे, याची नोंद ग्रेपव्हाइन नावाच्या प्रणालीत असे.

बिरेल आणि नेल्सन यांनी दिलेली हमी फार प्रामाणिक होती. कॉल उत्तर घेऊन परतला, तर काम नेमके एकदाच झाले. त्रुटी कळली, तर काम एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल. या दोहोंतले काय घडले, ते कॉल करणाऱ्याला सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पुढे आलेला प्रश्न तो हाच.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकाच्या मध्यास नेटवर्कवरून फाइल वाचण्याची एनएफएस ही व्यवस्था आणली, तेव्हा त्यांनी प्रश्नाला वेगळी बगल दिली. ‘पुढचा भाग दे’ असे न विचारता ‘अमुक बाइटपासून इतके बाइट दे’ असे विचारायचे. निरोप हरवला म्हणून तोच पुन्हा पाठवला, तरी बिघडत नाही. पण सगळीच कामे अशी नसतात. १९९४ साली सनच्याच जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी बजावले, की जवळच्या आणि दूरच्या कामातला फरक लपवू नका. दूरच्या कामात काही यंत्रे चालू आणि काही बंद अशी अवस्था येते.

वेब आल्यावर अशा दूरच्या कॉलचा, म्हणजे आरपीसीचा, साचा सोपा झाला आणि नमुनेही छोटे झाले. १९९८च्या एक्सएमएल-आरपीसीच्या नमुन्यात ४१ हा आकडा पाठवला की ‘साउथ डकोटा’ हे राज्याचे नाव येते. २०००च्या सोप १.१ या प्रोटोकॉलच्या नमुन्यात शेअरचा भाव विचारला आहे. २०१०च्या जेसन-आरपीसी २.०मध्ये ४२मधून २३ वजा करून १९ मिळतात. बेरजेचा सर्व्हर याच घराण्यातला. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने जेसन-आरपीसीवरच लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल उभारला. प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेची वेगळी जोडणी लिहिण्याचे कष्ट त्याने वाचवले.

त्यानंतरही काही वर्षे कोणते फंक्शन केव्हा वापरायचे, हे सहसा माणसाने आधी लिहून ठेवलेले असे. जून २०२३मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणले आणि ही निवड मॉडेलकडे गेली. मॉडेल स्वतः काही चालवत नाही. ते फंक्शनचे नाव आणि माहिती जेसन या मजकुरी स्वरूपात लिहून देते. चालवणारा प्रोग्राम वेगळा असतो. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. त्याची प्रेरणा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलची, निरोपांचा साचा जेसन-आरपीसी २.०चा. आधी ओळख, मग टूलची यादी, मग टूलला कॉल, असा त्याचा क्रम. मार्च २०२५च्या आवृत्तीत दूरच्या सर्व्हरसाठी एकाच वेब-पत्त्यावरून दोन्ही बाजूंचा संवाद चालवण्याची सोय झाली.

आता टूलच्या वर्णनाची ती एक ओळ प्रोग्रामचाच भाग झाली आहे, कारण मॉडेल ती वाचून निवड करते. वर्णन मोघम असेल तर चुकीचे टूल उचलले जाते. कपटाने लिहिले असेल तर मॉडेलला फसवताही येते. म्हणून अनोळखी सर्व्हर जोडताना सावध राहायला हवे.

जुना प्रश्नही परत आला आहे. मार्च २०२५च्याच आवृत्तीत टूलवर खुणा करता येऊ लागल्या: हे फक्त वाचते, हे काही नष्ट करू शकते, हे पुन्हा केले तरी जास्तीचा परिणाम होत नाही. एनएफएसने चाळीस वर्षांपूर्वी जपलेले भान ते हेच. मात्र या खुणा म्हणजे सर्व्हरने स्वतःबद्दल केलेले निवेदन आहे, हमी नव्हे.

बेरीज दोनदा झाली तर कुणाचे नुकसान होत नाही. पैसे दोनदा गेले तर होते. त्यामुळे नमुना सर्व्हर बेरजेचाच लिहा, नंतर फक्त वाचणारी टूल जोडा. काही बदलणारे टूल लिहाल तेव्हा प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक द्या, तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा करू नका, आणि काम होण्याआधी माणसाची परवानगी घ्या.