दाभोळी ते मोपा: गोव्यातल्या दोन विमानतळांमधलं अंतर किती, आणि मॅपवर वेळ कशी बघायची?

तिकीट बुक करताना फक्त 'गोवा' असं टाईप केलं की आता दोन पर्याय येतात. जीओआय म्हणजे वास्कोजवळचं जुनं दाभोळी, आणि जीओएक्स म्हणजे पेडणे तालुक्यातलं मोपा, म्हणजेच मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. मोपाहून 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली, आणि दाभोळीही चालूच आहे. स्वस्त दिसतं म्हणून लोक येतानाचं तिकीट एकाचं काढतात, जातानाचं दुसऱ्याचं. तिथेच गडबड होते.

अंतर किती?

सरळ रेषेत साधारण 40 किमी. हे घरबसल्या पडताळता येतं. दाभोळीचा अक्षांश सुमारे 15.38, मोपाचा 15.74. फरक 0.36 अंश. एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास 111 किमी, म्हणून गुणाकार येतो 40. दोन्ही ठिकाणं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणून एवढा सोपा हिशोब चालतो. (मुंबई-नागपूरला हा शॉर्टकट लावू नका.) गूगल मॅप्समध्ये एका विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडली की खालच्या माहितीत 'मेजर डिस्टन्स' निवडा आणि नकाशा दुसऱ्या विमानतळापर्यंत सरकवा. हेच उत्तर येईल.

पण आपण काही कावळे नाही. रस्त्याने हेच अंतर 60 किमीच्या वर जातं. मध्ये शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या आहेत, त्यामुळे रस्ता पूल असेल तिकडेच वळणार. धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, आगशी, कुठ्ठाळी आणि मग दाभोळी.

वेळ किती?

मोकळ्या रस्त्यावर दीड तास धरा. पर्वरी-पणजी पट्ट्यात संध्याकाळी अडकलात तर दोन तासांवरही जातो. मॅप जी वेळ दाखवतो ती आत्ताची असते. रस्त्यावरच्या फोनांच्या लोकेशनवरून गाड्यांचा वेग काढलेला असतो. सकाळी 7 ला घरी बसून पाहिलेला आकडा संध्याकाळी उपयोगाचा नाही. त्यासाठी रूट उघडून वरच्या तीन टिंबांत जा आणि 'सेट डिपार्ट ऑर अराइव्ह टाइम' निवडा. तुमचा वार आणि वेळ टाकलीत की 'अमुक ते तमुक मिनिटं' असा अंदाज येतो. मी नेहमी त्यातला मोठा आकडाच धरतो.

आता हिशोब करा. विमान मोपाला दुपारी 2:30 ला उतरलं. बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत 3:15. रस्त्यात पावणेदोन तास, म्हणजे दाभोळीला 5:00. पुढचं विमान 6:00 चं असेल तर बहुतेक कंपन्यांचा चेक-इन काउंटर 60 मिनिटं आधी, म्हणजे नेमका 5:00 लाच बंद होतो! तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर पैसेही तुमचेच जातात. चार तासांपेक्षा कमी फरक असेल तर मी असं तिकीट काढत नाही.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गवाल्यांना मोपाच जवळ पडतं. मडगाव-वास्कोकडे जाणाऱ्यांनी मात्र जीओआय बघूनच पैसे भरा.