वाकळंतला वाटा

सातारा-कोल्हापूरकडं जिला वाकळ म्हणतात, तीच इतरत्र गोधडी. सुगी सरली, की उन्हाळ्यात सोप्यात जुनेराचे थर अंथरले जायचे. चार बाजूंनी आजी, चुलती, आत्या, थोरली जाऊ बसायच्या. धावदोरा कडेकडेनं फिरत मध्याकडं सरकायचा, तशा बायकाही एकमेकींजवळ यायच्या. नव्या सुनेचे टाके लांब पडले, तर सासू उसवायला लावायची. सासुरवासाचं बोलणं निघायचं तेही तिथंच, खाली मान घालून.

वर-खाली नऊवारी लुगडं, आत धोतराचे, पटक्याचे तुकडे. सगळं सुती. 1972च्या दुष्काळात अंगावरचं धडुतं चिंधी होईस्तोवर वापरलं. वाकळंला जुनेर उरलंच नाही. पुढं नायलॉन, टेरिकॉट आलं. ते सुईखाली घसरतं, घाम शोषत नाही.

लेक बाळंतपण उरकून सासरी निघाली, की बाळासाठी वाकळ सोबत जायची. जमिनीत तिला वाटा नव्हताच. महाराष्ट्रानं 1994 साली वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. वाकळा शिवणाऱ्या आमच्याकडच्या बहुतेक जणी त्यातल्याच. माहेरच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलं नाही. आता जुनी वाकळ उन्हात टाकली, की घरातली म्हातारी एकेका काठावर बोट ठेवून सांगते, हे आत्याचं, हे थोरल्या जाऊचं, हे आईचं.