'लेडी विथ ॲन अर्मिन' : लिओनार्दोचं हे चित्र कोणाकोणाच्या हाती गेलं?

'लेडी विथ ॲन अर्मिन' हे लिओनार्दो दा विंचीने १४९०च्या सुमारास अक्रोडाच्या फळीवर रंगवलेलं चित्र. त्यातली तरुणी म्हणजे मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याची प्रेयसी सेसिलिया गॅलेरानी.

तिच्या हातात मुंगसासारखा दिसणारा पांढरा अर्मिन आहे. युरोपात तो पावित्र्याचं प्रतीक मानला जाई. शिवाय नेपल्सच्या राजाने लुडोविकोला 'ऑर्डर ऑफ द अर्मिन' हा किताब दिला होता. त्यामुळे सेसिलियाच्या कुशीतला अर्मिन म्हणजे खुद्द लुडोविकोच, असं अनेक अभ्यासक मानतात.

मालकीचा प्रवास

१८००च्या सुमारास पोलंडचे राजपुत्र आदाम येझी चार्तोरिस्की यांनी हे चित्र इटलीत विकत घेतलं आणि आई इझाबेला यांना भेट दिलं. १८३०च्या रशियाविरोधी उठावानंतर ते पॅरिसला हलवावं लागलं. काही दशकांनी ते क्राकूवला आलं.

१९३९मध्ये नाझींनी ते लुटलं. व्याप्त पोलंडचा गव्हर्नर हान्स फ्रांक याने ते स्वतःकडे ठेवलं. १९४५मध्ये ते बव्हेरियात सापडलं आणि १९४६मध्ये पोलंडला परत मिळालं.

२०१६मध्ये पोलंड सरकारने संपूर्ण चार्तोरिस्की संग्रह १० कोटी युरोंना विकत घेतला. या व्यवहाराच्या निषेधार्थ चार्तोरिस्की प्रतिष्ठानच्या संचालक मंडळाने राजीनामा दिला.

याच संग्रहातलं, नाझींनी लुटलेलं राफाएलचं 'पोर्ट्रेट ऑफ अ यंग मॅन' मात्र आजही बेपत्ता आहे. ते सापडलंच तर त्यावरचा हक्कही २०१६च्या करारानुसार पोलंड सरकारचाच.