देवळालीचा ‘ताप’ आणि नेक्स्टची तारीख

‘वैद्यकीय विद्यार्थ्यांची परीक्षेची चिंता’ हा विषय तुम्ही इतिहासाच्या संशोधनासाठी घेतलात, तर पुरावा कुठे शोधाल? दप्तरखान्यात ‘चिंता’ नावाची फाईल नसते. वेळापत्रक मात्र असतं. आज त्याचंच एक उदाहरण बघू.

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पने इंग्रजीला ‘डुलाली’ हा शब्द दिला. अर्थ, डोकं फिरलेला. मूळ प्रयोग ‘डुलाली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप, असं सांगतात. नोकरीची मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक इथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत थांबायचे. सैनिकांची जहाजं साधारण थंडीच्या महिन्यांतच सुटायची. ती हुकली की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढायचा. फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाने १९३६ च्या आठवणींत या शब्दाचा संबंध छावणीतल्या कंटाळ्याशी जोडलाय. पण तोही ‘मला वाटतं’ एवढंच म्हणतो, आणि लिहितोय बऱ्याच वर्षांनी. म्हणजे हा पुरावा जपून वापरायचा.

आता त्याच नाशिककडे या. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथलंच. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ‘नेक्स्ट’ ही सामाईक परीक्षा आणली. एमबीबीएसचं शेवटचं वर्ष, डॉक्टरकीचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश, तिन्ही तिच्यावरच. कायद्याने तीन वर्षांची मुदत दिली होती. २०२२ मध्ये ती सप्टेंबर २०२४ पर्यंत वाढली. जून २०२३ मध्ये नियम आले, २८ जुलैला सराव परीक्षाही ठरली. आणि जुलैतच सगळं पुढच्या आदेशापर्यंत स्थगित झालं.

यात २०१९ ची बॅच अडकली. विद्यापीठाच्या पेपरसाठी सविस्तर उत्तरं लिहायचा सराव करायचा, की नेक्स्टसाठी बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे? अभ्यास तर दोन्हीकडे आहे. पण वाचायची पद्धत वेगळी. ‘मुलं घाबरट झालीत’ असं म्हणून इथे भागत नाही. परीक्षा कोणती, हेच माहीत नसेल तर तयारी कशाची करणार?

आता तुम्ही म्हणाल, सैनिक आणि विद्यार्थी सारखेच का? नाही. सैनिकाला काम उरलं नव्हतं, विद्यार्थ्याला श्वास घ्यायला वेळ नाही. एकाची नोकरी संपलेली, दुसऱ्याची सुरूही झालेली नाही. साम्य एवढंच, की दोघांचं वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात होतं. तुलना करताना हा फरक लिहून ठेवा. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

म्हणून मुलाखती घेण्याआधी एक काम करा. सगळी परिपत्रकं तारखेनुसार लावा, आणि प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी विद्यार्थी कोणत्या वर्षात होता ते लिहा. मग त्याला ‘भीती वाटली का?’ असं विचारू नका. ‘त्या आठवड्यात कोणतं पुस्तक उघडलंत?’ असं विचारा. बोलायला सुरुवात तिथून होते.