कंबरेला आधार देणारे खोल स्नायू: घरच्या घरी करायचे व्यायाम

कंबर दुखायला लागली की आपल्याकडे तीन गोष्टी लगेच होतात: गोळी, पट्टा आणि अंथरूण. तिन्हींमुळे तात्पुरता आराम पडतो, पण ज्या स्नायूंनी कंबर सांभाळायची ते तसेच कमजोर राहतात. छत्रपती संभाजीनगरमध्ये वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीत आठ-आठ तास उभे राहणारे कामगार, रोज दुचाकीवरून ये-जा करणारे नोकरदार आणि नळाला अनेक दिवसांनी पाणी येते म्हणून भरलेले हंडे-बादल्या उचलणाऱ्या गृहिणी यांच्यात ही तक्रार नेहमी दिसते. सुदैवाने यावरचा एक चांगला उपाय सतरंजीवर, बिनखर्चात करता येतो.

हे स्नायू कोणते?

पोटाचे स्नायू म्हटले की 'सिक्स पॅक' आठवतात, पण ते वरच्या थरातले असतात. त्यांच्याखाली एक पेटीच असते, असे समजा.

- समोर आणि बाजूंना: पोटाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस.
- मागे: मणक्यांना जोडणारे लहान मल्टिफिडस स्नायू.
- वर: श्वासपटल.
- खाली: ओटीपोटाचा तळ, म्हणजे लघवी आणि शौच रोखून धरणारे स्नायू.

ऑस्ट्रेलियातील संशोधक पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी 1996 मध्ये दाखवले की निरोगी माणसाने हात हलवायच्या आधीच पोटाचा हा खोल स्नायू आवळला जातो, तर कंबरदुखीच्या रुग्णांमध्ये तो उशिरा आवळला जातो. म्हणून फक्त ताकद वाढवून भागत नाही, स्नायूला वेळेवर कामाला लागण्याची सवयही लावावी लागते.

सुरुवात करण्यापूर्वी

सकाळी उठल्या उठल्या लगेच करू नका, थोडे चालून मग करा. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. श्वास रोखू नका. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष पाळावे. पलंगाच्या गादीवर नको, जमिनीवर सतरंजी किंवा योगा मॅट घ्या.

पाच व्यायाम

1. पोटाने श्वास. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. एक हात छातीवर, एक बेंबीवर ठेवा. नाकाने श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळपास स्थिर राहावा. असे दहा श्वास घ्या.

2. पोट आत घेणे. त्याच स्थितीत श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत ओढा, जणू पँटची चेन लावताना पोट आत घेता. पूर्ण जोर लावू नका; थोडाच पुरे. त्याच वेळी लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आवळा. नेहमीसारखा श्वास चालू ठेवून दहा सेकंद धरा. दहा वेळा करा. पुढच्या प्रत्येक व्यायामात हीच पकड ठेवायची आहे, म्हणून ही नीट जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

3. टाच सरकवणे. पकड ठेवून एक टाच जमिनीवरून हळूहळू पुढे सरकवत पाय सरळ करा आणि परत आणा. कंबर जमिनीवरून उचलली जाऊ नये. प्रत्येक पायाने दहा वेळा.

4. सेतू. गुडघे वाकवलेलेच ठेवून नितंब वर उचला. खांदे ते गुडघे एक सरळ रेषा झाली की पाच सेकंद थांबा, सावकाश खाली या. दहा वेळा. वर असताना मान वळवू नका.

5. विरुद्ध हात-पाय. दोन्ही हात आणि गुडघे टेकवून घोड्यासारखे व्हा. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, पाच सेकंद धरा, मग बाजू बदला. प्रत्येक बाजूला आठ वेळा. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला आहे आणि तो सांडू द्यायचा नाही, असे समजा. गुडघे दुखत असतील तर खाली घडी केलेली चादर घ्या.

सगळे मिळून साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. आठवड्यातून किमान पाच दिवस करा. फरक जाणवायला बहुतेकांना सहा ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका.

ही पकड दिवसभर वापरा

भरलेल्या वीस लिटरच्या जारचे वजन साधारण वीस किलो असते. उचलण्याआधी पोट हलकेच आवळा, कंबरेऐवजी गुडघ्यात वाका, जार अंगाजवळ धरा आणि उचलताना कंबर पिळू नका. शिंकताना, बाळाला पाळण्यातून घेताना, दुचाकी स्टँडवर लावतानाही हेच करा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

गर्भवती महिला, नुकतीच बाळंत झालेली किंवा सिझेरियन झालेली स्त्री, हर्निया किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेले, हाडे ठिसूळ झालेले ज्येष्ठ आणि हृदयरोगी. ठिसूळ हाडे असतील तर पुढे वाकून उठाबशांसारखे व्यायाम टाळाच.

वाट पाहू नका, लगेच दाखवा

- लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, किंवा जांघेच्या मधला भाग बधिर झाला. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी, घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.
- पायातली ताकद कमी होत आहे किंवा पाऊल लटकते आहे.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखणे सुरू झाले.
- संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही असा सुरू होतो.
- पूर्वी कर्करोग झाला होता.

नेहमीचे प्रश्न

*व्यायाम करताना दुखले तर?* स्नायूंत हलके आंबल्यासारखे वाटणे चालते. कळ पायात उतरत असेल तर थांबा आणि दाखवा.

*पट्टा वापरू का?* जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायामाची शिफारस केली आहे, तर पट्टा नेहमी वापरू नये असे सांगितले आहे. शस्त्रक्रिया किंवा फ्रॅक्चरनंतर डॉक्टरांनी दिलेला पट्टा मात्र स्वतःहून काढू नका.

*फक्त हेच व्यायाम चालतात का?* नाही. चालणे, योगासने, पोहणे यांचाही फायदा होतो, आणि अभ्यासांत खोल स्नायूंचे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा फार सरस ठरलेले नाहीत. तुम्हाला आवडेल आणि सातत्याने जमेल ते करा.

*पूर्ण विश्रांती घ्यावी का?* साध्या कंबरदुखीत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहिल्याने स्नायू आणखी ढिले पडतात. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून कंबर उचलली जाते का, श्वास रोखला जातो का हे पाहायला सांगा. तरीही जमत नसेल तर एकदा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घ्या आणि पुढे घरीच चालू ठेवा.