हेल्सिंकी ते नारिता : एक अंतर आणि त्याचा इतिहास

दोन दूरस्थ विमानतळांमधील अंतर काढणे हा गणिताच्या विद्यार्थ्यास अर्ध्या तासाचा प्रश्न वाटतो, आणि गणितापुरते ते खरेही आहे. हेल्सिंकीचा विमानतळ ६०.३२ उत्तर अक्षांश व २४.९६ पूर्व रेखांश यांवर, तर १९७८ मध्ये सुरू झालेला टोकियोचा नारिता विमानतळ ३५.७७ उत्तर व १४०.३९ पूर्व येथे आहे. गोलीय त्रिकोणमितीच्या कोज्या-नियमात ही मूल्ये घातली असता भूमध्याशी होणारा कोन सुमारे ७०.४ अंश येतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, की अंतर सुमारे ७,८३० किलोमीटर भरते. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने करावी लागणारी दुरुस्ती येथे एक टक्क्याहूनही कमी आहे.

या बृहद्वृत्ताचा मार्ग मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. दोन्ही शहरे उत्तर ध्रुववृत्ताच्या दक्षिणेस असूनही हा मार्ग ६७ अंशांपलीकडे चढतो व बहुतांशी रशियाच्या भूमीवरून जातो. मर्केटरच्या १५६९ च्या नकाशाप्रक्षेपास सरावलेल्या दृष्टीस तो वळसा वाटेल. वस्तुतः तोच सर्वांत जवळचा होय.

परंतु शीतयुद्धाच्या काळात हे आकाश पाश्चात्त्य विमानांना मुक्त नव्हते. स्कँडिनेव्हियन कंपनीने १९५७ मध्ये कोपनहेगनहून अलास्कातील अँकरेजमार्गे टोकियोस सेवा सुरू केली. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने ध्रुवावरून व बेरिंग सामुद्रधुनीवरून, वाटेत न थांबता, नारिता गाठले. त्यास सुमारे तेरा तास लागत. हेल्सिंकी ते ध्रुव, ध्रुव ते सामुद्रधुनी व तेथून नारिता असे तीन वृत्तखंड जोडले, तर बेरीज १०,६०० किलोमीटरांवर जाते. त्यातही तिसरा खंड कामचात्का द्वीपकल्पावरून, म्हणजे निषिद्ध आकाशातूनच जातो. प्रत्यक्ष मार्ग याहून लांब असणे भागच होते.

ही सीमा केवळ कागदावरची नव्हती. त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन विमान मार्ग चुकून कामचात्कावर आले व पुढे साखालीनजवळ सोव्हिएत विमानाने ते पाडले. २६९ जण मृत्युमुखी पडले. विमानवाहतुकीच्या इतिहासाचे ग्रंथ ध्रुवमार्गाचे वर्णन यंत्रशक्तीचा विजय म्हणून करतात. प्रस्तुत लेखकास ते अपुरे वाटते. या विशिष्ट मार्गापुरते पाहता, यंत्राने येथे निसर्गावर मात केली त्यापेक्षा बंद दरवाजाला वळसा घातला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

शीतयुद्ध ओसरल्यावर सायबेरियाचा मार्ग खुला झाला आणि प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२२ अखेर युरोपीय संघ व रशिया यांनी परस्परांच्या विमानांना आकाश बंद केले. मार्च २०२२ मध्ये फिनएअरने नारिताची सेवा पुन्हा चालू केली, ती रशियास वळसा घालून. वेळ पुन्हा सुमारे तेरा तास.