हिंवाळ्यांतली पेरणी

अमेरिकेंत बेसबॉलचे सामने वसंत ऋतूंत सुरू होतात आणि शरद ऋतु सरतां सरतां संपतात. शेवटचा विजयोत्सव आटोपला, मैदानें ओस पडलीं आणि उत्तरेकडील शहरांवर बर्फ पडूं लागलें, म्हणजे या खेळाचा दुसरा भाग सुरू होतो. त्याला मैदान लागत नाहीं, चेंडू लागत नाहीं, दांडाहि लागत नाहीं. पूर्वीं लहान गांवांतील रसिक मंडळी दुकानांतल्या लोखंडी शेगडीभोंवतीं बसून याच भागाची चर्चा करीत. म्हणून या चर्चेला तिकडे 'तापल्या शेगडीची लीग' असें गमतीचें नांव पडलें आहे. कोणता खेळाडू ठेवावा, कोणता द्यावा, कोणाची उमेद सरली, आणि खालच्या संघांत वाढत असलेल्या मुलांपैकीं कोणाला वर आणावें, याचा निवाडा या दिवसांत होतो. श्रोतेहो, हिंवाळ्यांतल्या या खेळाचा इतिहास आज मला आपणांस सांगावयाचा आहे. खेळाचा म्हटला तरी तो बराचसा माणसांच्या हिशेबाचा इतिहास आहे. आणि एका माणसानें दुसऱ्याला किती दिवस ताटकळत ठेवावें, हा प्रश्न त्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.

बेसबॉलच्या नियमांत मी फारसा शिरत नाहीं. एका बाजूला नऊ खेळाडू असतात. गोलंदाजानें टाकलेला चेंडू फलंदाज गोल दांड्यानें टोलवितो आणि तीन ठाणीं गांठून मूळ जागीं परत आला कीं एक धांव होते, एवढें आजच्या कथेला पुरें आहे. तेथें हा खेळ धंदा म्हणून चालतो, ही गोष्ट मात्र लक्षांत ठेविली पाहिजे. वर नॅशनल आणि अमेरिकन या दोन श्रेष्ठ लीगा आणि त्यांच्याखालीं लहानमोठ्या शहरांतील कनिष्ठ लीगांची उतरंड, अशी त्याची रचना. १८७९ सालीं मालकांनीं आपसांत असा ठराव केला कीं, प्रत्येक संघानें राखून ठेवलेल्या पांच खेळाडूंना दुसऱ्या कोणीं घेऊं नये. पुढें हीच राखण सर्व खेळाडूंना लागू झाली. मालक खेळाडूला विकूं शके, काढून टाकूं शके. खेळाडू मात्र आपल्या इच्छेनें संघ बदलूं शकत नसे.

१९१७ सालीं मिसिसिपी नदीच्या कांठच्या सेंट लुईस शहरांतील कार्डिनल्स संघाचीं सूत्रें ब्रँच रिकी या गृहस्थाच्या हातीं आलीं. रिकी ओहायओमधील एका शेतकरी कुटुंबांत १८८१ सालीं जन्मला. घराणें मेथॉडिस्ट पंथाचें आणि कडक आचाराचें. रविवारीं सामन्याला जावयाचें नाहीं, हा नियम त्यानें मोठेपणींहि पाळला. खेळाडू म्हणून तो बेताचाच. १९०७ मधील एका सामन्यांत तो फलंदाजामागें चेंडू झेलण्यास बसला असतां प्रतिपक्षानें १३ ठाणीं चोरलीं. पुढें त्यानें मिशिगन विद्यापीठांत कायद्याची पदवी घेतली, आणि मैदानावर जें साधलें नाहीं तें टेबलाशीं बसून साधावें असें ठरविलें.

कार्डिनल्स संघ तेव्हां कर्जांत बुडालेला होता. खेळाडूंना आदल्या वर्षींचे कपडे घालावे लागत. कचेरींत येणाऱ्या पाहुण्यांपुढें लाज राहावी म्हणून रिकीनें घरचा गालिचा आणून पसरला होता, असें सांगतात. अशा संघानें चांगला खेळाडू मिळवावा कसा? कनिष्ठ संघ त्या काळीं स्वतंत्र होते. ते मुलें तयार करीत आणि जो जास्त पैसे देईल त्याला विकीत. रिकीचीं माणसें गांवोगांव हिंडून होतकरू मुलगा शोधून काढीत. पण रिकीनें मागणी घातली, तेव्हां मुलांत कांहीं तरी असलें पाहिजे, हें त्या संघाचा मालक ताडी आणि श्रीमंत संघांना कळवून भाव चढवी. पारख रिकीची आणि लाभ दुसऱ्याचा, असा तो प्रकार होई.

यावर त्यानें शेतकऱ्याच्या मुलाला सुचावा असाच उपाय काढला. बाजारांत धान्य विकत घेण्याची ऐपत नसेल, तर तें आपण पिकवावें. १९२० च्या आगेंमागें फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन, सिराक्यूज येथील कनिष्ठ संघांत कार्डिनल्सनें भाग विकत घेतले. त्याच सुमारास सॅम ब्रेडन नांवाचा मोटारींचा व्यापारी संघाचा अध्यक्ष झाला. त्यानें जुन्या मैदानाची जागा विकून टाकली, संघाला दुसऱ्याच्या मैदानांत भाडेकरू म्हणून नेलें, आणि आलेला पैसा या नव्या उद्योगांत घातला. जुन्या मैदानाच्या जागीं पुढें एक हायस्कूल उभें राहिलें. अशा अंकित संघांना 'फार्म', म्हणजे शेत, हें नांव पडलें. मुलगा तळच्या 'डी' वर्गांत पेरावयाचा. तेथें तग धरली तर 'सी', मग 'बी', मग 'ए', असा पायरीपायरीनें चढवावयाचा. आणि दर हिंवाळ्यांत वह्या उघडून कोण वर जावा, कोण आहे तेथेंच राहावा आणि कोणाला निरोप द्यावा, हें ठरवावयाचें. संख्या मोठी असली कीं तींतून गुण आपोआप निवडून निघतो, हा रिकीचा सिद्धान्त होता.

फळ येण्यास उशीर लागला नाहीं. १९२६ सालीं कार्डिनल्सनें बलाढ्य न्यू यॉर्क यांकीजना हरवून जगज्जेतेपद मिळविलें. १९२६ ते १९४२ या काळांत या संघानें सहा वेळां नॅशनल लीग जिंकली आणि त्यांतून चार वेळां जगज्जेतेपद पटकाविलें. आर्कन्सासच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कुटुंबांतील डिझी डीन हा ह्यूस्टनच्या संघांतून वर आला. १९३४ सालीं या गोलंदाजाच्या नांवावर ३० विजय लागले. त्याच वर्षींच्या अंतिम मालिकेंतील चारहि विजय त्यानें आणि त्याच्या धाकट्या भावानें दोन-दोन वांटून घेतले.

पण या पद्धतीचें खरें स्वरूप दाखविणारा खेळाडू म्हणजे स्टॅन म्यूझियल. पेन्सिल्व्हानियांतील डोनोरा हें पोलादाच्या आणि जस्ताच्या कारखान्यांचें गांव. बाप पोलंडहून आलेला मजूर. १९३८ सालीं हा मुलगा दरमहा ६५ डॉलरांवर तळच्या वर्गांत गोलंदाज म्हणून रुजू झाला. १९४० सालीं फ्लॉरिडांतील डेटोना बीच येथें त्यानें १८ सामने जिंकले; पण हंगामाच्या अखेरीस झेल घेण्यासाठीं झेंपावतांना त्याचा डावा खांदा दुखावला आणि गोलंदाजी कायमची संपली. घरीं बायको, पदरीं नुकतेंच झालेलें मूल. तो खेळ सोडून देण्याच्या बेतांत होता. संघाचा मॅनेजर डिकी कर यानें त्याला आपल्या घरीं ठेवून घेतलें होतें आणि धीर दिला. म्यूझियलनें मुलाला करचेंच नांव ठेवलें. पुढच्याच उन्हाळ्यांत तो फलंदाज म्हणून 'सी' वर्गांतून रॉचेस्टरला आणि तेथून सप्टेंबरांत थेट सेंट लुईसला पोंचला. १९६३ पर्यंत तो त्याच संघाकडून खेळला आणि ३,६३० यशस्वी टोले त्याच्या नांवावर जमा झाले. पुढें त्यानें वृद्ध करला राहावयास घर घेऊन दिलें. खालीं अनेक पायऱ्या असल्यामुळें एका दुखावलेल्या मुलाला दुसरी संधि मिळाली, हें या पद्धतीचें यश निःसंशय मान्य केलें पाहिजे.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या ताब्यांत ३२ संघ आणि सहाशेंहून अधिक खेळाडू होते. वरच्या संघांत जागा मात्र २५. त्या २५ पैकीं वर्षाकांठीं रिकाम्या होणार त्या मोजक्याच. उरलेल्यांनीं काय करावयाचें? दुसऱ्या संघांत त्यांना जागा मिळाली असती. पण राखीव कलमामुळें जातां येत नसे. कांहींना रिकी चांगल्या भावानें विकी, आणि त्या विक्रीच्या नफ्यांत त्याचा स्वतःचाहि वांटा असे. बाकीचे लहान गांवांतून बसगाड्यांचे प्रवास करीत तिशीला पोंचत आणि गुपचूप घरीं जात. त्यांचीं नांवें कोठेंहि कोरलेलीं नाहींत.

याविरुद्ध उभा राहिला तो केनेसॉ माउंटन लँडिस. हा पूर्वींचा न्यायाधीश बेसबॉलचा पहिला कमिशनर होता. त्याचा बाप यादवी युद्धांतील ज्या लढाईंत जखमी झाला, तिचेंच नांव मुलाला ठेवलें होतें. मुलांना असें कोंडून ठेवणें त्याला पसंत नव्हतें. एकाच लीगमधील एकाहून अधिक संघांवर कार्डिनल्सनें गुप्तपणें ताबा ठेविल्याचें उघडकीस येतांच, मार्च १९३८ मध्यें त्यानें सत्तरांहून अधिक खेळाडूंना एका निकालानें मोकळें केलें. त्यांत पीट रीझर नांवाचा एक पोर होता. तो ब्रुकलिनच्या डॉजर्स संघांत गेला, १९४१ सालीं सरासरींत नॅशनल लीगचा पहिला फलंदाज ठरला, आणि त्या वर्षीं ब्रुकलिननें लीग जिंकली. कार्डिनल्स दुसरे आले. तथापि लँडिसच्या निकालानें पद्धति मोडली नाहीं. इतर संघांनींहि तीच उचलली. १९४९ सालीं अमेरिकेंत कनिष्ठ लीगांची संख्या ५९ वर गेली होती.

१९४२ च्या अखेरीस रिकी स्वतः ब्रुकलिनला गेला. तेथें याच उतरंडीचा उपयोग करून त्यानें एक मोठें काम केलें. सुमारें साठ वर्षें काळ्या खेळाडूंना या लीगांचीं दारें बंद होतीं. १९४५ सालीं रिकीनें जॅकी रॉबिन्सनशीं करार केला, १९४६ मध्यें त्याला माँट्रिऑलच्या कनिष्ठ संघांत खेळविलें आणि १५ एप्रिल १९४७ रोजीं वरच्या संघांत आणलें. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. रॉबिन्सन ज्या निग्रो लीगमधील कॅन्सस सिटी मोनार्क्स संघांत खेळत होता, त्या संघाला मात्र रिकीनें एक कवडीहि दिली नाहीं, हें तितकें सांगितलें जात नाहीं. दार उघडणारा आणि हिशेबांत काटेकोर असणारा माणूस एकच होता.

१९५० सालीं तो पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाकडे गेला, आणि तेथें त्याच्या जुन्या संघाला त्याच्याच विद्येचा प्रसाद मिळाला. फेब्रुवारी १९५४ मध्यें ब्रुकलिननें पोर्टो रिकोंतील रॉबर्टो क्लेमेंटे या तरुणाला १०,००० डॉलरांची बक्षिशी देऊन घेतलें. त्या वेळचा नियम असा होता कीं, ४,००० डॉलरांहून अधिक बक्षिशी दिलेला नवखा दोन वर्षें वरच्या संघांत ठेवावा. खालीं पाठविला, तर हंगाम संपल्यावर दुसरा संघ त्याला ठराविक किंमतींत उचलूं शकेल. ब्रुकलिननें त्याला माँट्रिऑलला पाठविलें. तेथें त्याला फारसें खेळवीत नसत. तें त्याला लपविण्यासाठींच होतें कीं काय, याविषयीं आजहि मतभेद आहेत. पण रिकीचा हेर क्लाइड सुकफोर्थ दुसऱ्याच एका गोलंदाजाला पाहावयास गेला असतां, सरावाच्या वेळीं क्लेमेंटेची दुरून येणारी फेंक त्याच्या नजरेंत भरली. पायरेट्स त्या वर्षीं तळाला होते, म्हणून निवडीचा पहिला मान त्यांचा. २२ नोव्हेंबर १९५४ रोजीं ४,००० डॉलर भरून त्यांनीं क्लेमेंटेला उचललें. त्यानें पिट्सबर्गला १९६० आणि १९७१ अशीं दोन जगज्जेतेपदें मिळवून देण्यांत मोठा वांटा उचलला आणि बरोबर ३,००० टोले पुरे केले. ३१ डिसेंबर १९७२ रोजीं निकाराग्वांतील भूकंपग्रस्तांसाठीं सामान घेऊन जात असतां विमान समुद्रांत कोसळून तो वारला.

राखीव कलमाचा शेवटहि हिंवाळ्यांतच झाला, आणि त्याची सुरुवात कार्डिनल्सच्याच एका खेळाडूनें केली. ऑक्टोबर १९६९ मध्यें या संघानें कर्ट फ्लडला न विचारतां फिलाडेल्फियाला देऊन टाकलें. आपण वस्तु नाहीं, असें कमिशनरला लिहून कळवून तो न्यायालयांत गेला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत तो पांच विरुद्ध तीन मतांनीं हरला, आणि त्याचा खेळ तर त्यापूर्वींच संपला होता. परंतु २३ डिसेंबर १९७५ रोजीं पीटर साइट्झ या लवादानें दुसऱ्या दोन खेळाडूंच्या वादांत निर्णय दिला कीं, एका वर्षाच्या कलमाच्या आधारें माणसाला जन्मभर बांधून ठेवतां येणार नाहीं.

आजच्या हिंवाळ्यांतहि ती वही उघडतेच; फक्त ती आतां नियमांनीं बांधलेली आहे. प्रत्येक श्रेष्ठ संघाची यादी ४० नांवांची, आणि त्यांतील २६ प्रत्यक्ष सामन्यांसाठीं. अठराव्या वर्षीं किंवा त्यापूर्वीं घेतलेल्या मुलाला पांच हंगाम, आणि त्याहून मोठ्या वयांत घेतलेल्याला चार हंगाम झाले, कीं त्याला ४० जणांत घ्यावें, नाहीं तर डिसेंबरांतील निवडींत इतरांपुढें खुला ठेवावा. उचलणारा संघ १,००,००० डॉलर भरतो आणि पुढील सबंध हंगाम त्याला वरच्या संघांत ठेवतो. तें जमलें नाहीं तर अर्ध्या किंमतींत मूळ संघाला परत देऊं करतो. नोव्हेंबरांत व्यवस्थापकांची झोंप उडते ती याच यादीपायीं. कारण चाळिसावें नांव कोणाचें लिहावें, यावर एखादा क्लेमेंटे हातचा जाऊं शकतो. २०२१ सालीं श्रेष्ठ संघांशीं जोडलेले कनिष्ठ संघ १६० वरून १२० वर आणले गेले, आणि कित्येक लहान गांवांचा उन्हाळा सुना झाला. उलट २०२३ सालीं कनिष्ठ खेळाडूंनीं आपल्या संघटनेमार्फत पहिला सामुदायिक करार केला. सर्वांत वरच्या कनिष्ठ वर्गांतील किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरांवरून ३५,८०० वर गेलें.

रिकी १९६५ सालीं वारला. त्याची बुद्धि मोठी होती, यांत शंका नाहीं. जेथें विकत घेण्याची ऐपत नाहीं तेथें जोपासना करावी, ही त्याची शिकवण कोणत्याहि संस्थेनें घेण्यासारखी आहे. परंतु शेतांतील दाण्याला थांबावयास लावलें तर त्याचें कांहीं जात नाहीं. माणसाचें वय जातें. हें एवढें साधें सत्य करारनाम्यांत उतरण्यास १८७९ पासून १९७५ उजाडलें, आणि कनिष्ठ संघांतील मुलांपर्यंत पोंचण्यास त्यानंतरहि जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं.